नागपूरला, बाल्कनीत बसून

त्या दिवशी सकाळी मी मेथी निवडत बसले होते. शेजारचा सुधीर फाटकातून आत आला आणि दारातच उभा राहिला. एरवी तो "काकू, चहा झाला काय?" म्हणत थेट स्वयंपाकघरात शिरणारा मुलगा. मुलगा आपलं म्हणायचं, रिछाईच्या कारखान्यातून निवृत्त व्हायला आलाय आता. "काकू," तो म्हणाला, "आई उठून नाही राहिली." मी म्हटलं, "अरे, झोपू दे तिला. काल बराच वेळ बसली होती माझ्याकडे." तो तसाच उभा राहिला... आणि मग माझ्या तोंडून जे निघालं त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हणाले, "अरे, पण शेवट राहिला ना!" त्याला वाटलं असेल, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. मी बोलत होते ते सिनेमाच्या शेवटाबद्दल. आदल्या दुपारी आम्ही दोघींनी एक जुना मराठी सिनेमा शेवटाच्या जरा अलीकडे बंद केला होता आणि पुढचं मी इंदूला उद्या सांगणार होते. त्या उद्याला आता सहा आठवडे झाले.

सुधीरची आई इंदू म्हणजे जबलपूरच्या चेरीतालातला माझा भिंतीपलीकडचा शेजार, पन्नास वर्षांचा. तिचं माहेरही जबलपूरचं आणि सासरही. तिच्या घराण्यातला कुणीतरी भोसल्यांच्या चाकरीत इकडे आला आणि परत जायचं विसरला, असं ती सांगायची. मी नागपूरची. लग्न होऊन आले तेव्हा बी.ए. झालेली होते आणि ही गोष्ट मी भेटेल त्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगत असे, दूधवाल्यालासुद्धा. माहेरी चांगली 'काहून' आणि 'येऊन राहिले' म्हणणारी मी, इथं पाऊल टाकताच एकदम छापील मराठी बोलायला लागले. का, तर इथल्या हिंदीमिश्रित मराठी बायकांना कळावं की खरी मराठी कशी असते! पहिल्याच आठवड्यात इंदूनं भिंतीवरून डोकावून विचारलं, "काहून गं, घसा बसला का तुझा? अशी काहून बोलून राहिली?" मी तिला मनातल्या मनात अडाणी ठरवून टाकलं. ती दहावी झालेली होती. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी होती, तरी मी तिला 'तू' म्हणायचे. चारचौघांत मात्र 'इंदूताई', कारण त्यात माझं सभ्यपण दिसायचं.

आमच्या गल्लीत पहिला टीव्ही आमच्याकडे आला, सरकत्या दारांच्या पेटीतला. संध्याकाळची मालिका, आठवड्यातून एकदा नाटक आणि रविवारी दुपारी कधी तमिळ, कधी बंगाली, तर तीनचार महिन्यांतून एकदा मराठी सिनेमा. मराठीचा रविवार आला की गल्लीतली सगळी मराठी घरं आमच्या बैठकीत, शिवाय समोरच्या मिश्रा भाभी आणि त्यांच्या सासूबाई. मी घरात, तेही दुपारी, काळा चष्मा लावून बसत असे. डोळ्यांना त्रास होतो असं सांगायचे, पण खरं कारण असं की एका मासिकात एका समीक्षक बाईंचा तसा फोटो पाहिला होता. सिनेमा संपला की मी 'वास्तववादी' आणि 'प्रतीकात्मक' हे दोन शब्द आळीपाळीनं वापरायचे. वर्तमानपत्राला पत्रंही पाठवायचे, टोपणनावानं. एकही छापून आलं नाही. आज हा लेख लिहिताना ते आठवून हात जरा थबकतो, पण असो.

इंदूची मतं वेगळ्याच गोष्टींवरून ठरायची. श्रीमंताच्या बंगल्यातला तो वाटोळा जिना दिसला की ती म्हणायची, "एवढा जिना आहे, झाडणारी बाई कुठे आहे?" नायिका भाजी चिरायला लागली की हिचं लक्ष तिच्या बोटांवर. "हिने जन्मात वांगं नाही चिरलं. अशी विळीपासून दूर कोण बसतं?" जुन्या टीव्ही नाटकांवर मात्र तिचा फार जीव. ती नाटकं दोन भिंतींच्या घरात व्हायची, कुणी दार आपटलं की भिंत थरथरायची आणि मी खीखी करून हसायचे. इंदू म्हणायची, "भिंत हलली तर हलू दे. ती बाई काय बोलून राहिली ते ऐक. आपल्याकडे भिंती पक्क्या आहेत आणि बोलत कोणी नाही." मला त्या वयात एवढंच जाणवलं की हे वाक्य माझ्या पत्रात शोभलं असतं. मी ते चोरून पत्रात घातलंसुद्धा. तरी छापलं नाही.

तिची सगळ्यात मोठी तक्रार जेवणाची होती. "सिनेमात कोणी पोटभर जेवत नाही. दोन घास खातात की भांडण काढतात, की तार येते, की 'माझी भूक मेली' म्हणून ताटावरून उठतात. ते भरलं ताट मग कोण उचलतं, ते एकदा तरी दाखवा म्हणावं." मिश्रा भाभींच्या सासूबाईंना हे इतकं पटायचं की कुठल्याही सिनेमात ताट दिसलं की त्या ओरडायच्या, "देखो देखो, अब उठेगा!" आणि तो उठायचाच.

आता नागपूरचं सांगते. लागेल तो मराठी सिनेमा इंदूनं आधीच पाहिलेला असायचा. कुठे? तर "नागपूरला, मावशीकडे होती तेव्हा, बाल्कनीत बसून." हे वाक्य ती एका दमात म्हणायची. तिच्या लहानपणी राज्यांच्या नव्या सीमा ठरल्या. इतकी वर्षं इथलीही राजधानी असलेलं नागपूर त्या राज्यात गेलं, जबलपूर या राज्यात, आणि मावशी तिकडे राहिली. इंदूच्या बोलण्यात नागपूर हे असं होतं की तिथं रोज नवा मराठी सिनेमा लागतो आणि बाल्कनीत एक खुर्ची तिच्यासाठी राखून ठेवलेली असते. मी खऱ्या नागपूरची, पण माझ्या वडिलांनी मला तीनच सिनेमे दाखवले होते, तेही देवादिकांचे. मी आतून जळायचे.

एका रविवारी खानावळीचा सिनेमा लागला. एक बाई, नवरा तिला सोडून परमुलखात निघून गेलेला, ती खानावळ चालवून मुलं मोठी करते. बारा वर्षांनी तो परत येतो, ओळख न देता इतर गिऱ्हाइकांच्या पंगतीत पाटावर बसतो. ती वाढत वाढत त्याच्यापाशी येते. वर बघते. हातात पोळी... आणि लाइट गेली! आमच्या बैठकीत जो हलकल्लोळ झाला तो विचारू नका. अर्धा तास वाट पाहिली. मग सगळ्यांच्या माना इंदूकडे वळल्या. मिश्रा भाभी म्हणाल्या, "दीदी, आपने तो देखी है ना? बताओ, पहचाना कि नहीं?" इंदूनं पदर खोचला, क्षणभर बंद टीव्हीकडे पाहिलं आणि सांगायला लागली, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. ती बाई काहीच बोलत नाही, म्हणाली. ती त्याला पोळी वाढते. मग आणखी एक. तो जेवतो, पोटभर जेवतो, ताटावरून मधेच उठत नाही. मग हात धुवायला मोरीवर जातो. ती पुसायला पंचा पुढे करते. तो हात पुसता पुसता थांबतो. पंच्याला निळा काठ असतो. जाताना घरी टाकून गेला होता त्याच धोतराचा तो फाडलेला तुकडा. म्हणजे तिनं त्याला उंबऱ्यातच ओळखलं होतं. तो पंचा घडी करून तिच्या हातात देतो आणि निघून जातो. ती आत येते आणि त्याचं ताट उचलते. "बस्स. खतम." मिश्रा भाभींच्या सासूबाई डोळे पुसत होत्या. मी काळ्या चष्म्याआड होते, माझं काही कुणाला दिसलं नाही.

तीनेक वर्षांनी मी भावाकडे नागपूरला गेले. त्यानं नवा व्हीसीआर घेतला होता. गल्लीच्या तोंडाशी कॅसेटचं दुकान, आणि तिथं मला तोच सिनेमा सापडला. रात्रीच्या स्वयंपाकाला वहिनीला एकटीला सोडून मी तो पाहिला. पंचा-बिंचा काही नाही! ती बाई त्याला ओळखते, पोळी हातातून पडते, ती त्याच्या पायावर पडते, तो तिला उचलतो, अख्खी खानावळ टाळ्या वाजवते आणि दोघं बैलगाडीतून गाणं म्हणत जातात. मला काय आनंद झाला! पत्र छापून आलं असतं तरी इतका झाला नसता. परतीच्या गाडीत मी तिला ऐकवायचं वाक्य घोळवत होते. आणि चार दिवसांनी मंडळाच्या हळदीकुंकवाला, पंचवीस बायकांत, तिच्या हातावर तिळगूळ ठेवता ठेवता मी म्हणाले, "इंदूताई, तुमचा तो पंचा सिनेमात नाहीच की! बाल्कनीतून काही वेगळं दिसतं का हो?" बायका हसल्या. मी वाट बघत होते की ती काहीतरी ठणकावून बोलेल, तिला येत होतं तसं. ती म्हणाली, "अच्छा." मग जरा थांबून, "नसेल. मी कुठे गेली होती थिएटरात? मावशीकडे दोन दिवस गेली होती एकदा, लग्नाला." तिळगूळ तिनं पदराच्या टोकात बांधला आणि वाणाचं भांडं घेऊन घरी गेली. मी जिंकले होते. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सबंध दीड वर्ष नाही. बैठकीत मिश्रा भाभींच्या सासूबाई मला विचारायच्या, "वो दीदी नहीं आई?" आणि लाइट गेली की सगळे मुकाट्यानं आपापल्या घरी जायचे.

त्या दीड वर्षातली एक गोष्ट मला लिहिलीच पाहिजे. इंदूच्या यजमानांची बदली मझौलीला झाली होती आणि बदली संपल्यावरही ते तिथंच राहिले होते. तिथं त्यांचं दुसरं घर होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, कुणी तोंडातून काढत नसे. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ते चेरीतालला यायचे, दुपारी जेवायचे आणि संध्याकाळच्या बसनं परत. हे मी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वर्षानुवर्षं पाहत होते. पण पाहत होते म्हणजे काय, भाजी परतता परतता डोळे तिकडे असायचे इतकंच. अबोला धरला तेव्हा एका शनिवारी माझे हात थांबले. ते अंगणातल्या नळावर हात धूत होते. इंदू बाजूला टॉवेल धरून उभी होती. बोलणं काही नाही. त्यांनी हात पुसले, टॉवेलची घडी केली, तिच्या हातात दिली, चपला घातल्या. ती आत गेली आणि भांड्याचा आवाज आला. ताट उचलल्याचा... मी, बी.ए., 'वास्तववादी' हा शब्द उठताबसता वापरणारी, माझ्या स्वतःच्या खिडकीतून हे दर महिन्याला पाहत होते आणि मला कळलं नव्हतं की तो शेवट तिनं कुठून आणला. तिच्या घरातला एकुलता एक शेवट, ज्यात निदान त्या बाईची मान ताठ होती, आणि तो मी पंचवीस बायकांसमोर खोटा पाडला होता.

मग मी जाऊन माफी मागितली, असं लिहायला मला आवडलं असतं. नाही मागितली. आधी ताठ्यापायी. आणि कळल्यानंतर तर आणखीच अवघड झालं, कारण माफी मागायची म्हणजे मला कळलंय हे तिला सांगायचं, आणि मला हे कळल्याचं तिला कळलं तर ती माझ्या खिडकीसमोर अंगणात उभी कशी राहील? असा शहाणपणाचा विचार मी केला आणि त्याच्या आड आरामात लपून बसले. पुढे आमचे हे अचानक गेले. तेरावं झालं, माणसं पांगली. चौदाव्या दिवशी दुपारी इंदू आली. बैठकीत माझ्यासमोर बसली नाही, सांत्वन केलं नाही. सरळ टीव्हीवरचं कापड काढलं आणि म्हणाली, "चलो, लाव. बघू तरी ही मेली कोणाशी लग्न करून राहिली." दुखवट्याच्या घरात टीव्ही लागला म्हणून गल्लीत बोलणं झालं. होऊ दे. त्या दिवसापासून रोज दुपारी चार वाजता ती आली, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसली, आणि आम्ही त्या हळदीकुंकवाबद्दल एक अक्षर बोललो नाही. पुढे तिचे यजमानही गेले. तेव्हाही नाही.

गेल्या सहासात वर्षांत काचबिंदूनं तिची दृष्टी गेली. मला वाटलं, आता काय येते. तर चारच्या ठोक्याला फाटक वाजलंच. सुधीरची बायको हात धरून सोडून गेली. "मला काय, ऐकू तर येतं. दिसतं ते तू सांग." मी पडद्यावरचं सांगायला लागले: ती उठली. ती खिडकीपाशी गेली. तो आत आला. इंदू वैतागली, "तू काय पंचनामा करून राहिली का? तिच्या तोंडावर काय आहे ते सांग ना." तोंडावर काहीच नसायचं, हल्लीच्या नट्यांच्या तोंडावर काय असतं! मग मी पदरचं घालायला लागले. हिला कळलंय गं, पण ही दाखवून नाही राहिली, असं म्हणायचे. होय, 'नाही राहिली'. छापील मराठी केव्हाच संपली होती. जिन्यावर झाडणारी बाई दाखवायचे. ताटं पुरी जेववायचे. इंदू मान हलवायची, "आता जमून राहिलं तुला." आयुष्यात माझ्या लिखाणाबोलण्याची तेवढी एकच समीक्षा झाली.

शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, "तुझ्या सुनेला सांग, तो खानावळीचा सिनेमा मिळतो का बघ." सून रश्मी इथलीच, हिंदी घरातली. मराठी समजते, बोलताना लाजते. तिनं मोबाइलवर शोधून टीव्हीवर लावून दिला. दोन दुपारी पुरवून पुरवून पाहिला. दुसऱ्या दुपारी पंगत बसली, तो पाटावर बसला, ती वाढत आली, हातात पोळी. "बंद कर," इंदू म्हणाली. मी केला. "इथेच लाइट गेली होती ना?" मी हो म्हटलं. "तो पुढचा तमाशा मला नाही ऐकायचा. तू सांग शेवट." ती माझ्याकडे तोंड करून बसली होती, डोळे जरा बाजूला, पण तोंड बरोबर माझ्याकडे. तिनं दार उघडून धरलं होतं. निळ्या काठाचा पंचा मी तिच्या हातात दिला असता की झालं होतं. माफी, कळलंय, सगळं त्यात आलं असतं, एक शब्द जास्तीचा न बोलता. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, "उद्या सांगते गं. आज मेथी आणायचीय, बाजार उठून जाईल." ती हसली. "उद्या तर उद्या. पण नीट सांग, पंचनामा नको." फाटकापर्यंत मी तिचा हात धरून गेले. मेथी खरंच आणली. तीच दुसऱ्या दिवशी सकाळी निवडत होते.

आता चार वाजतात तेव्हा माझं लक्ष फाटकाकडे जातं. भिंतीपलीकडे कुकरच्या शिट्ट्या होतात, सुधीरचा नातू शाळेतून येतो, सगळं आहे. पण सिनेमात ताट दिसलं की 'आता उठेल' हे कुणाला सांगायचं? मी टीव्हीचा आवाज मोठा करते, मग बंद करते. वेताच्या खुर्चीत कुणी बसत नाही. बसू नका असं मी म्हटलेलं नाही, तरी बसत नाही. तिच्या टाचांनी खुर्चीच्या पुढच्या पट्टीचा वेत उसवलाय, तो मी दुरुस्त करू देत नाहीये.

परवा दुपारी रश्मी हातातलं काम टाकून आली आणि माझ्या पायाशी जमिनीवर बसली. म्हणाली, "मम्मीजी, वो खानावळवाली पिक्चर अधूरी रह गई थी ना? लगा दूँ?" मी म्हटलं, "नको, लावू नको. मी सांगते." खुर्ची समोर होती. मी खुर्चीकडे बघून सांगितलं. पोळी, आणखी एक पोळी, पोटभर जेवण, मोरी, निळा काठ. घडी करून परत दिलेला पंचा. आत येऊन उचललेलं ताट. सावकाश सांगितलं, पंचनामा केला नाही. रश्मीनंही वळून त्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाली, "कितना अच्छा है... आपने पूरी देखी थी मम्मीजी? कहाँ?"

"नागपूरला," मी म्हणाले. "इंदूबरोबर. बाल्कनीत बसून."